त्या दिवाळीचं उटणं

उटण्याच्या पिशव्या आम्ही मेणबत्तीवर बंद करायचो. हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे घ्यायचे, त्यांच्यामध्ये पिशवीचं तोंड धरायचं, कड जराशी बाहेर ठेवायची आणि ती ज्योतीवरून एका दमात ओढत न्यायची. हात रेंगाळला की पिशवीला भोक पडतं, घाई केली की तोंड चिकटत नाही. सीलिंगचं मशीन मिळतं हे मला ठाऊक होतं, पण आमच्या गावात तेव्हा वीज आली की माणसं आधी विहिरीवरची मोटार चालू करायला पळायची. घरात मशीन चालवायची ऐपत होती कुणाची? आता माझ्याकडे ते मशीन आहे, वापरतेही, पण एखादी पिशवी नीट बंद झाली नाही की अजूनही मेणबत्तीच पेटवते. मुली हसतात. हसू देत.

ओतूरच्या अलीकडे, सायकलवरून जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. नव्वदची वर्षं सरत आली होती. जुन्नरला बायकांसाठी एक शिबिर भरलं होतं. तिथं फिनेल, धुण्याची पावडर, मेणबत्त्या आणि अंगाचा साबण करायला शिकवायचे. बरोबरच्या बहुतेक जणी फिनेल शिकून आल्या, कारण ते सोपं. मी साबण घेतला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "साबण जरा नाजूक काम आहे, बघा." एवढं म्हटल्यावर मी दुसरं काही घेणं शक्यच नव्हतं. माझ्या अंगात ती खोडच आहे.

नारायणगावकडून येणाऱ्या टोमॅटोच्या खोक्यांच्या फळ्या काढून मालकांनी मला साचा करून दिला. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, पण आमच्या घरात मालकी कुणाची होती ते शेजारीपाजारी सांगतील. खोबरेल, थोडं करंजाचं तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी असा साबण घोटायचा, साच्यात ओतायचा, घट्ट झाला की तारेनं वड्या पाडायच्या आणि मग महिनाभर हात न लावता मुरू द्यायचा. हे शेवटचं मला जमेना. पहिल्या खेपेच्या वड्या मी आठवड्यातच काढल्या आणि आनंदानं वाटल्या. ज्यांनी त्या तोंडाला लावल्या त्यांनी पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलताना तोंड वाकडं केलं, आणि ते रागामुळे की आगीमुळे हे विचारायची माझी छाती झाली नाही.

"ह्यो साबन अंगाचा हाय का भांड्याचा?" आत्याबाईंनी विचारलं.

या आत्याबाई म्हणजे माझ्या चुलतसासू. सख्ख्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, आणि आमच्याकडे सासूला हाक मारायची ती आत्याबाई म्हणूनच, म्हणून मी यांना तीच हाक मारू लागले. त्या विधवा होत्या. एकुलता एक मुलगा ठाण्याला नोकरीला. आमच्या घराला लागूनच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या, पण चूल आमचीच. लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. आत्याबाईंनी शिकवली, आणि शिकवताना एकदाही गोड बोलल्या नाहीत. मला त्या फार आवडायच्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण आमच्यात असं कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "बरं वाटत न्हाई का तुला?"

नेमधर्माच्या बाबतीत त्या भलत्या कडक. एकादशीला त्यांच्या ताटात शेंगदाण्याचं फोलपट आलेलं चालायचं नाही. सोयरसुतकाचे तर सगळे हिशेब त्यांना तोंडपाठ. भावकीत कुणाचं किती, लेकीचं किती, माहेरचं किती, कुणाला शंका आली की लोक आमच्या ओट्यावर यायचे. आत्याबाई क्षणभर डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. त्या निकालावर अपील नसे.

उटण्याची कल्पनाही त्यांचीच. माझा साबण हळूहळू सुधारला होता, पण गावात चार घरं सोडली तर कुणी घेत नव्हतं. टीव्हीवर रोज नवी नटी साबणाच्या फेसात हसायची, तिथं माझ्या वेड्यावाकड्या वडीला कोण विचारणार? एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "साबन बाराही म्हयनं लागतो, म्हनून लोक सोताच्या पसंतीचा घेत्यात. उटनं एकच दिस लागतं. ते जे हाताला लागंल ते घेत्यात. उटनं कर." मला हे पटायला दोन दिवस लागले. एखाद्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मल्या असत्या तर त्यांनी बाजारपेठ उभी केली असती.

त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला. मग आम्ही दोघी एसटीनं नारायणगाव, मंचर करत घोडेगावच्या बाजाराला जायला लागलो. भीमाशंकरच्या डोंगरातून, पार आहुप्याकडून बाया शिकेकाई आणि हिरडा घेऊन तिथं बसायच्या. आत्याबाई शेंग हातात घेऊन कानाशी खुळखुळवायच्या, तोंडानं काही न बोलता खाली ठेवायच्या आणि पुढे चालू लागायच्या. ती बाई मागून हाका मारायची. मग परत जायच्या. घासाघीस करायला त्यांना मनापासून आवडायचं, पण शेवटी त्या विकणाऱ्या बाईच्या मुलाबाळांची चौकशी करून, पिशवीतली भाकरी तिला देऊन यायच्या, म्हणजे वाचवलेलं तिथंच सांडून यायच्या. येताना गाडीत त्या खिडकीशी बसायच्या आणि मला गावं दाखवायच्या. इथं माझी मावशी दिली होती, इथं आमची बैलगाडी कलंडली होती. मला ती सगळी ठिकाणं पाठ झाली होती, तरी मी प्रत्येक वेळी नवीन असल्यासारखं ऐकायचे.

कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या जुन्नरच्या दुकानातून आणायच्या. सगळं उन्हात कडकडीत वाळवायचं, दळायचं आणि वस्त्रगाळ करायचं. गाळायचं काम मालकांचं. ते शांतपणे, पातेल्याच्या तोंडावर फडकं बांधून बसायचे आणि उठायचे तेव्हा भुवयांसकट पिवळे झालेले असायचे. वासाची परीक्षा आत्याबाईंची. त्या चिमूटभर उटणं दंडाला लावून उन्हात बसायच्या, वाळलं की खरवडून काढायच्या आणि मग दंड हुंगायच्या. "वाळा कमी पडला," हे ठरलेलं वाक्य.

पहिल्या वर्षी दिवाळी तोंडावर आलेली. माल बांधून तयार. ओतूरच्या एका दुकानदारानं ठेवायचं कबूल केलेलं. दुसऱ्या दिवशी पोचवायचा, आणि संध्याकाळी भावकीतला एक जण रस्त्यावरूनच ओरडला, "आवं, ऐकलं का? मुंबईचं म्हातारं गेलं!"

हे मुंबईचं म्हातारं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मालकांनी लहानपणी एकदा पाहिलं होतं म्हणे. पण भावकी ती भावकी. आत्याबाईंनी आधी देवघराचा पडदा ओढला, मग कढईत टाकायचं तेल परत बरणीत ओतलं, आणि मग माझ्या पिशव्यांकडं बघून म्हणाल्या, "ह्ये आता ऱ्हायलं."

"का राहिलं? सगळं सुतकाच्या आधी केलंय."

"केलं आसंल. पन उद्या दुकानात कोन नेनार? सुतकाचा हात लागलेलं उटनं दिवाळीच्या आंगोळीला कोन घील?"

मी ऐकलं नाही. सकाळी पिशव्या घेऊन ओतूरला गेले. दुकानदार ओट्यावरच उभा होता. बातमी माझ्या आधी पोचली होती. तो भला माणूस, पण पिशवीला हात लावायला तयार नाही. "वहिनी, माल एक नंबर हाय. पन गिऱ्हाईक लई चिकित्सक. सनासुदीचं सामान, उद्या कुनाच्या घरात काय झालं तर माझ्यावर येतं. समजून घ्या." मी समजून घेतलं नाही, पण पिशव्या मात्र परत आणल्या.

घरी येऊन मी सगळा राग आत्याबाईंवर काढला. "त्या माणसानं रस्त्यावरून बोंब मारली नसती तर?"

"तर न्हाई लागत. कानावर आल्याबिगर सुतक न्हाई."

"म्हणजे मी कानात बोळे घालून बसायला पाहिजे होतं!"

"आसं मुद्दाम करायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पाप लागतं." आणि उठून गेल्या. त्यांच्यापुरता विषय मिटला होता.

ते उटणं मग आम्हीच वापरलं. होळीपर्यंत आमच्या घरात रोज नरकचतुर्दशी. मालकांच्या अंगाला एवढा कचोऱ्याचा वास यायचा की शेतावर कुत्री त्यांच्यावर भुंकेनाशी झाली. पाहुणे आले तरी त्यांना चहाच्या आधी उटणं. मी हसत होते, पण आतून मला फार लागलं होतं. माझं असं, माझ्या हातचं आणि माझ्या डोक्यातलं, दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. शेत सासऱ्यांचं, घर भावकीचं, मुली दोघांच्या. उटणं एकटीचं होतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, सगळ्यांचे हात मोकळे होते. मी ओतूरच्या त्या दुकानदाराकडे पुन्हा गेले. त्यानं दम धरून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, औंदा अजून एक डाव बघू. जुन्नरच्या माझ्या मेव्हण्याच्या दुकानातबी ठिवू. पन कोजागरी झाल्यावर आठवड्याच्या आत माल पायजे. न्हाई आला तर मी पुन्याच्या कंपनीचा लावनार. मग ती जागा गेली की गेली, मला बोल लावायचा न्हाई." मी मालकांना येऊन सांगितलं, की यंदाही उटणं घरात पडून राहिलं तर पातेली धुऊन ठेवणार आणि गुमान कांद्याच्या वाफ्यात जाणार. मी बोलते ते करते, हे त्यांना माहीत होतं.

दसरा झाल्यावर आत्याबाई ठाण्याला गेल्या. डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, मुलानं तिकडच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरवलं होतं. ओतूरच्या स्टँडवर मी त्यांना गाडीत बसवायला गेले. त्यांना जायचंच नव्हतं. "एका डोळ्यानं दिसतंय की," म्हणत होत्या. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "वाळा कमी घालू नगंस. मी वसुबारसेला येते. माझ्यासाठी एक पुडी ठिव." मी हो म्हटलं. शेजारच्या सीटवरच्या बाईला त्यांनी तेवढ्यात माझी ओळख करून दिली, "ही माझी सून. साबन करती." चुलत शब्द त्यांनी वापरला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

कोजागरीच्या आधीच माझं दळण झालं होतं. गाळून व्हायचं होतं, तोलून पिशव्या भरायच्या होत्या. आणि ऐन वेळी मालक बिघडले. पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवसापासून ते गाळायला बसेनात. बसेनात म्हणजे उटण्याच्या खोलीतच येईनात. विचारलं तर म्हणाले, "अंगाला खाज सुटतीया." दाढी करायची बंद केली. मी म्हटलं, सणाच्या तोंडावर हे काय सोंग? तर म्हणाले, "तुज्या साबनानं गालावर चट्टा उठलाय. वस्तरा लागला की आग व्हती."

मी हादरलेच. म्हणजे नव्या खेपेत कॉस्टिक जास्त पडलं की काय? मी सगळ्या वड्या जिभेला लावून पाहिल्या. जीभ चुरचुरली की कॉस्टिक जास्त, ही शिबिरातली परीक्षा. एकही वडी चुरचुरली नाही. "दाखवा चट्टा," म्हटलं तर दाढीमुळे दिसत नाही म्हणाले. पूजाही मलाच करायला लावली, कंबर धरल्याचं निमित्त सांगून. जेवणात तळलेलं नको, पोट बरं नाही. एका माणसाला एकाच आठवड्यात एवढे रोग? मी तोंडाला येईल ते बोलले त्यांना. ते ओट्यावर बसून ऐकून घ्यायचे. मुकाट्यानं ऐकून घेणारा नवरा मिळावा म्हणून बायका नवस करतात, पण मला तेव्हा त्याचा संताप यायचा.

काम अडलं म्हणून पलीकडच्या बौद्धवस्तीतली एक मैत्रीण येऊ लागली. शिबिराला आम्ही बरोबर होतो. ती फिनेलवाली. तिच्या नवऱ्याची जीप होती, ओतूर ते जुन्नर वडाप करायचा, म्हणजे माणसं भरून ने-आण करायचा. मी न बोलावताच ती आली आणि म्हणाली, "लाव मला कामाला." तिनं गाळलं, मी तोललं, दोघींनी मिळून पिशव्या बंद केल्या. एरवी तोंडाची टकळी बंद न होणारी बाई, पण त्या दिवसांत फार बोलत नव्हती. एकदा मी सहज म्हटलं, "आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वाळा कमी पडला." तिनं ब्लेड खाली ठेवली आणि पदरानं डोळे टिपायला लागली. "धूर गेला डोळ्यात," म्हणाली. मेणबत्तीला धूर होताच. मी खिडकी उघडली.

आत्याबाईंसाठी मी वेगळी पुडी बांधली होती, तिच्यात वाळा मुद्दाम जास्त घातला होता. त्यांच्याबद्दल विचारलं की मालक म्हणायचे, डॉक्टरनं वाकायचं नाही सांगितलंय, प्रवास नको म्हणतोय. मग एक दिवस ते म्हणाले की अत्तराचं काम आहे, मुंबईला जाऊन येतो. अत्तर? आपण कधी अत्तर घातलंय? पण मला वाटलं, मी इतकं बोलले म्हणून बिचारा काहीतरी करायला बघतोय. मी ती पुडी त्यांच्या पिशवीत टाकली. "वाटेत ठाण्याला उतरा. त्यांच्या हातात द्या, आणि म्हणावं हुंगून बघा." त्यांनी पुडी घेतली. परत आले ते गुळगुळीत दाढी करून. अत्तर काही आणलं नव्हतं. गालावर चट्टा नव्हता, मला तेवढ्यानंच बरं वाटलं. म्हणजे माझा साबण चांगलाच होता.

"दिली का पुडी?"

"पोचवली," ते म्हणाले.

त्याच्या आधीच माल वेळेवर गेला होता. मैत्रिणीच्या नवऱ्यानं जीपमधून ओतूरला आणि जुन्नरला खोकी पोचवली, भाड्याला हात लावला नाही. दुकानदारानं खोकं उघडून वास घेतला आणि माझ्यासमोरच पुढच्या फळीवर मांडलं. वसुबारसेला त्याचा निरोप आला, अजून आहे का? नव्हतं. घरच्या आंघोळीपुरतं सोडून मी राखून ठेवलेलंसुद्धा पाठवून दिलं. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी मालकांना पाटावर बसवलं आणि पाठीला उटणं लावलं. ते मान खाली घालून बसले होते. बाहेर गल्लीत बंब पेटले होते, पोरं थंडीनं कुडकुडत ओरडत होती. मला वाटत होतं, यातल्या कितीतरी न्हाण्यांत आत्ता माझी पिशवी दातानं फोडली असेल. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते. त्या सकाळचा आनंद खरा होता, आणि त्याबद्दल मला आजही चीड येते.

भाऊबीजेला माहेरी जाऊन मी आले तेव्हा ओट्यावर मालक आणि भावकीतले वयानं सगळ्यांत मोठे आजोबा बसले होते. आजोबा सहसा कुणाच्या ओट्यावर जात नसत. मी पिशवी खाली ठेवायच्या आत मालक म्हणाले, "आत्याबाई वारल्या."

मी विचारलं, आज? ते म्हणाले, "न्हाई. कोजागरीच्या दुसऱ्या दिशी."

डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. मग ताप आला, तो छातीत उतरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवसांत सगळं संपलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलाला जवळ बोलावून सांगितलं होतं, की माझं काही झालं तर गावाकडं तिला दिवाळी उरकल्याशिवाय कळवू नका. तिचं उटणं बसेल. मुलानं किराणा दुकानात फोन करून मालकांना बोलावून घेतलं आणि आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मालक आजोबांकडे गेले. आजोबांनी भावकीत घरोघर सांगितलं, की सुतक ज्यानं त्यानं गुपचूप पाळा, पण त्या घरातल्या बाईच्या कानावर जाता कामा नये. मैत्रिणीला मालकांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं. मुंबईला अत्तर आणायला गेले होते ते दहाव्याला. एवढी मोठी भावकी, एरवी कुणाच्या घरात कालवण काय केलंय हे तासाभरात वेशीपर्यंत जातं. पंधरा-वीस दिवस कुणी ब्र काढला नाही.

"ऐकल्याबिगर लागत न्हाई," आजोबा म्हणाले. "तिनंच सांगितलेलं हाय ते. तुजा माल चोख गेला, पोरी. मनात काय ठिवू नगंस."

मला राग आला. आधी मालकांचा, मग आजोबांचा, मैत्रिणीचा, आणि सगळ्यांत जास्त आत्याबाईंचा. असं मुद्दाम केलं की पाप लागतं, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. ते पाप त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी सगळं उटणं उकिरड्यावर ओतून पहिल्या गाडीनं ठाण्याला गेले असते. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. मी मोठ्यानं रडले. शेजारच्या बायका दारात आल्या, पण जवळ आल्या नाहीत. त्यांचं रडून, भेटून, पाळून सगळं झालेलं होतं. आत्याबाईंसाठी रडायला त्या दिवशी गावात मी एकटीच उरले होते.

"आता ऐकलंस," आजोबा उठताना म्हणाले. "दहा दिस कवाच सरलं. अंगावरनं पानी घे, म्हंजी सुतक फिटलं."

आमची न्हाणी घराच्या मागे होती, तीन बाजूंनी पत्रा आणि पुढे गोणपाटाचा पडदा. मी अंगावरच्या लुगड्यासकट दगडावर बसले. पाणी गार होतं, तापवायचं नसतं. मालक बाहेर हापशावरून बादल्या भरून आणत होते आणि पडद्याखालून आत सरकवत होते. मी तांब्या तांब्यानं डोक्यावर ओतत होते.

आमच्या गावात बाई गेली की तिला न्हाऊ घालायचं काम सुनांचं. पाटावर बसवून, एकीनं पाठीशी धरून, दुसरीनं पाणी घालून. मी भावकीतल्या म्हाताऱ्या बायकांना असं न्हाऊ घातलं होतं, धीट होते म्हणून मलाच बोलवायचे. एका बाईचं असं उरकून आलो तेव्हा आत्याबाई मला म्हणाल्या होत्या, "माझ्या टायमाला पानी जरा कोमट ठिव."

मी आतून विचारलं, "शेवटची आंघोळ कुणी घातली त्यांना?"

बाहेर बादली टेकल्याचा आवाज झाला. "बिल्डिंगीतल्या बायांनी. मी तरी कुठं व्हतो तवा."

"कशानं घातली?"

"म्हंजी?"

"नुसत्या पाण्यानं, का काही लावलं अंगाला?"

त्यांनी अजून एक बादली आत सरकवली. मग म्हणाले, "साबन व्हता म्हनं कसलातरी. शेजारनीनं तिच्या घरातनं आनला."

मी तांब्या खाली ठेवला. त्या दिवाळीला ओतूरपासून जुन्नरपर्यंत किती अंगांना माझ्या हातचं उटणं लागलं असेल. माझ्या आत्याबाईंच्या अंगाला मात्र कुणा परक्या घरातला साबण लागला, आणि तो कुठला होता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.